हाकेची घंटा

महाडच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत राहणारी सुम्बुल कोणाला एका जागी बसलेली दिसलीच, तर ती लॅपटॉपसमोर दिसायची. आणि तिथेही तिचा उजवा पाय हलत असायचा. "पाय नको हलवूस गो, घराची बरकत जाते," असं तिची सासू महरुन्निसा रोज एकदा तरी म्हणायची. पाय तेवढ्यापुरता थांबायचा आणि सासूची पाठ फिरली की पुन्हा सुरू. त्या दिवाळीनंतर मात्र तो सासूसमोरही थांबेना. महिनाअखेरीला सुम्बुलचं कुवेतचं विमान होतं. नवरा मुसैब लग्नापासून तिकडेच, आता कुठे त्याला बायकोला नेण्याचा व्हिसा मिळाला होता. आणि इकडे तिच्या ॲपचा बिल्ड सोनालीच्या लॅपटॉपवर काही केल्या होत नव्हता.

बिल्ड म्हणजे काही मोठं गूढ नाही. माणसाने लिहिलेल्या कोडचं फोनमध्ये बसेल असं ॲप तयार करायचं, त्याला बिल्ड म्हणतात. त्यात स्वतःच्या कोडबरोबर दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला आयता कोडही घालावा लागतो. त्या लायब्ऱ्या. बिल्ड करणारा प्रोग्रॅम त्या इंटरनेटवरून आपल्या आपण गोळा करून आणतो. निदान आणाव्यात अशी अपेक्षा असते. एखादी सापडली नाही, किंवा सापडली पण दुसरीशी तिचं पटलं नाही, की पडद्यावर लाल अक्षरं येतात आणि समोर बसलेल्या माणसाच्या जेवणाची वेळ टळते.

ॲपचं नाव 'हाक'. सुम्बुलने ते केलं तिचा दीर इरशाद याच्यामुळे. इरशाद पोलादपूर भागात जीप चालवतो. डोंगरातल्या वाड्यांवर एसटी जाते ती तिच्या मर्जीने, तेव्हा आजारी माणूस असो की बाळंतीण, लोक जीपवाल्याला फोन करतात. काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी तिथल्याच कापडे गावच्या ठमाबाईला भात कापताना विषारी फुरसं चावलं. तिची मुलगी सोनाली इरशादला फोनवर फोन लावत होती. इरशाद होता पोलादपूरच्या मशिदीत, जुम्म्याच्या नमाजला, आणि फोन खिशात मुका. शेवटी एका दुधाच्या टेम्पोने ठमाबाईला महाडला आणलं. बाई वाचली, पण पाय अधू झाला तो झालाच. नमाजहून बाहेर आलेल्या इरशादने मिस्ड कॉल पाहिले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तो धड जेवला नाही. महरुन्निसाने दृष्ट काढून पाहिली, काही उपयोग झाला नाही.

सुम्बुलचा स्वभाव हळहळत बसण्याचा नाही. ती कॉम्प्युटर शिकलेली, बिरवाडीच्या खानावळींपासून महाडच्या कापड दुकानांपर्यंत कोणाकोणाच्या वेबसाइट करून द्यायची. तिने 'हाक' करायला घेतलं. वाडीवरच्या माणसाने फोनवरचं एक मोठं लाल बटण दाबायचं, की त्या भागातल्या सगळ्या जीपवाल्यांच्या फोनवर घंटा वाजते. फोन मुका ठेवला असला तरी वाजते. जो पहिला उचलतो तो निघतो, आणि त्याने उचललं की बाकीच्यांची घंटा आपोआप थांबते. इरशादने याबद्दल मशिदीत नमाज पढवणाऱ्या पेशइमामांना आधीच विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, कोणाचा जीव वाचवायचा असेल तर नमाज तोडून जाता येतं, फक्त तू शेवटच्या रांगेत दाराशी उभा राहत जा. तेव्हापासून दर जुम्म्याला इरशादची जागा दाराशी, चपलांच्या शेजारी.

पहिल्या दिवशी घंटा वाजते का बघायला सुम्बुलने स्वतःचा नंबरही जीपवाल्यांच्या यादीत घातला होता, तो तसाच राहिला. त्यामुळे प्रत्येक हाक तिच्याही फोनवर यायची. उचलायची नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने उचललं तर खऱ्या जीपवाल्यांची घंटा थांबेल आणि कोणीच निघणार नाही. पण घंटा वाजायला लागली की ती जिथे असेल तिथे, हातात डाव असो की साबणाचा फेस, तशीच उभी राहायची. थांबली की श्वास सोडायची. तिला ते आवडायचं. आपण केलेली गोष्ट कुठेतरी डोंगरात धावतेय, हे कळायचं तेवढा वेळ तिचा पायही हलत नसे.

सोनाली कॉलेज संपल्यावर एकदा तिला भेटायला म्हणून आली, हे ॲप करणारी बाई दिसते कशी ते बघायला, आणि मग शिकायलाच यायला लागली. आता कापड्याला घरी बसून ती पुण्यातल्या एका लहानशा कंपनीचं काम करायची आणि 'हाक'मधल्या बारीकसारीक चुका काढायची. मात्र बिल्ड करायचा सुम्बुलने. महाडच्या त्याच लॅपटॉपवर. तसं का, हे दोघींनी कधी विचारात घेतलं नव्हतं. तिथे होत होतं, मग दुसरीकडे कशाला करा?

मुसैबने याआधीही दोनदा, थोड्या दिवसांच्या व्हिसावर का होईना, बोलावलं होतं. दोन्ही वेळा सुम्बुल म्हणाली, "मी आले तर ॲपचं कोण बघणार?" पहिल्यांदा मुसैबला ते खरं वाटलं. दुसऱ्यांदा तो नुसता 'बरं' म्हणाला. त्या 'बरं'वर महरुन्निसाने सुनेकडे असं पाहिलं, की सुम्बुल उठून कपडे वाळत घालायला गेली. कपडे सकाळीच वाळले होते.

या वेळी सबब चालणार नव्हती. तिकीट झालं होतं. आणि नेमकं याच वेळी 'हाक'ला नवं करणं भाग पडलं. नव्या फोनवर जुनी घंटा वाजत नव्हती, फोनच तिला दाबून टाकत होता. ॲप ज्या दुकानातून लोक उतरवून घेतात, त्या दुकानवाल्यांनीही नव्या नियमांत बसवा म्हणून कळवलं होतं. न बसवलं तर नव्या फोनवाल्यांना ते मिळणारच नव्हतं. जीपवाले एकेक करून फोन बदलत होते. इरशादनेही बदलला होता. तेव्हा ठरलं की घंटा दुरुस्त करायची, आणि या वेळेपासून बिल्ड सोनालीने करायचा, म्हणजे सुम्बुल गेल्यावर काही अडायला नको.

सोनालीच्या लॅपटॉपवर पहिल्याच दमात लाल अक्षरं आली. घंटेची लायब्ररी सापडत नाही.

"तुमच्या कापड्याला रेंजच कुठे असते गं," सुम्बुल फोनवर म्हणाली. "डोंगरावर चढून कर."

सोनाली खरंच चढली. लॅपटॉप पाठीवर, गावामागच्या कातळाच्या सड्यावर. तिथे रेंज होती आणि लाल अक्षरंही होती. मग ती पोलादपूरला मैत्रिणीकडे जाऊन बसली. तिथेही तेच. शेवटी एसटीने महाडला आली, सुम्बुलच्या शेजारी बसली, तिचंच वायफाय वापरलं. एका टेबलावर दोन लॅपटॉप, एक कोड, एक इंटरनेट. सुम्बुलच्या पडद्यावर हिरवं, सोनालीच्या पडद्यावर लाल.

"ताई, माझ्या लॅपटॉपलाच कायतरी झालंय," सोनाली रडकुंडीला येऊन म्हणाली. "काय करू, नव्याने टाकू का सगळं?"

"टाक," सुम्बुल म्हणाली.

सोनाली संध्याकाळच्या गाडीने परत गेली. सुम्बुलचा पाय टेबलाखाली असा हलत होता की पाण्याचा ग्लास थरथरत होता. असं कसं होईल? एक तरी फरक असलाच पाहिजे. ती आपल्या लॅपटॉपमधली एकेक सेटिंग वाचत सुटली. आणि एका कोपऱ्यात तिला एक बारीक खूण दिसली. 'ऑफलाइन.'

ती खूण तिनेच केली होती. सावित्री नदी बाजारपेठेत शिरली त्या वर्षी. महाडच्या घराघरांत चिखल होता. घरातली माणसं माळ्यावर, माणसांबरोबर लॅपटॉप माळ्यावर, आणि मोबाइलची रेंज घटकेत यायची घटकेत जायची. त्यात 'हाक'मध्ये काहीतरी बिघडलं आणि ते तेव्हाच्या तेव्हा दुरुस्त करणं भाग होतं. पण बिल्ड दर वेळी इंटरनेटवर लायब्ऱ्या शोधायला जायचा आणि तिथेच अडकायचा. तेव्हा सुम्बुलने त्याला सांगितलं, बाहेर जाऊ नकोस, घरात ज्या आणून ठेवल्या आहेत त्यांच्यावरच भागव. त्याने भागवलं. पूर ओसरला, चिखल निघाला, वायफाय आलं. खूण काढायची राहिली. ज्या गावाने पुराच्या धास्तीने फ्रीजसुद्धा चौथऱ्यावर चढवून ठेवले, त्या गावात एवढी चूक व्हायचीच.

तिने खूण काढली आणि बिल्डचं बटण दाबलं. तिच्याही पडद्यावर लाल अक्षरं आली.

मग तिने शोधून काढलं. ती लायब्ररी कुणा परदेशी पोराने लिहून ठेवलेली, आणि जिथे ठेवली होती ती जागाच मधल्या काळात बंद झाली होती. जगात ती आता कुठे नव्हती. तिच्या या जुन्या लॅपटॉपच्या पोटात तेवढी एक प्रत शिल्लक होती आणि 'हाक' इतकी वर्षं तिच्यावर चाललं होतं. सोनालीच्या लॅपटॉपला काहीही झालेलं नव्हतं.

तेव्हाच सोनालीला फोन करायला हवा होता. सुम्बुलने फोन हातात घेतला, आणि खाली ठेवला. खूण पुन्हा लावली. पडदा हिरवा झाला.

खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. लाज वाटली पाहिजे होती, पण आधी बरंच वाटलं. तिच्याशिवाय होत नव्हतं, हे आता खोटं राहिलं नव्हतं. मुसैबचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "इथे ॲप अडकलंय रे. सोनालीच्या मशीनवर होतच नाही. तिकीट थोडं पुढे ढकलता येईल का?"

मुसैब म्हणाला, "लॅपटॉप घेऊन ये ना. इथून कर."

"घाटातल्या वाडीवरून हाक आली आणि माझ्या मशीनचं काही बिनसलं तर? कुवेतहून कोण धावणार?"

"महाडहून तरी तू कुठे धावतेस सुम्बुल? धावतो इरशाद."

तिने रागाने फोन ठेवला. खोलीच्या दारात महरुन्निसा उभी होती, हातात आमसुलांची पिशवी. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत जाऊन सुनेच्या बॅगेत सामान भरत राहिली. तांदळाचं पीठ, सुकट, आमसुलं, मसाला, आणि वर नवा कोरा कुकर.

दोन दिवस असेच गेले. सोनालीने लॅपटॉप कोरा करून सगळं नव्याने टाकलं आणि पुन्हा लाल अक्षरांचे फोटो पाठवले. सुम्बुलने 'बघते' एवढंच उत्तर दिलं. या दोन दिवसांत तिला घास गोड लागला नाही. ती माळ्यावर चढली, उतरली, गच्चीवर गेली, नदीपर्यंत चालत जाऊन तशीच परत आली. कोणी विचारलं तर म्हणायची, तयारी चाललीय.

मग शुक्रवार आला. दुपारी सुम्बुलच्या फोनवर घंटा वाजली. ती कढईसमोर होती, तशीच उभी राहिली. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, मग थांबली. कोणीतरी उचललं होतं. कढईतला मासा तोवर करपला.

थोड्या वेळाने इरशाद घरी आला. या वेळी तो कधी येत नसे. तो ओट्यावर बसला आणि त्याने नवा फोन समोर ठेवला.

"भाभी, वाजलाच नाय," तो म्हणाला. "मी दाराशीच उभा होतो. खिशात होता. वाजलाच नाय."

"पण कोणीतरी उचललं ना? माझी थांबली."

"पोलादपूरच्या दुसऱ्या पोराने उचललं, त्याचा फोन जुना हाय. एक म्हातारबा घेरी येऊन पडले होते, आता बरे हायेत." इरशादने तोंडावरून हात फिरवला. "बाहेर आलो नि फोन बघितला. तोच दिवस आठवला. मला वाटलं पुन्हा ठमामावशी."

तो फोन पुन्हा पुन्हा उलटा करून बघत होता. एवढा धिप्पाड माणूस, घाटातल्या वळणावर एका हाताने जीप फिरवणारा. सुम्बुलला स्वतःची इतकी चीड आली की तिथे उभं राहवेना. ती आत गेली आणि तिने सोनालीला फोन लावला.

"तुझ्या लॅपटॉपला काही झालेलं नाही," ती म्हणाली, आणि पुराची खूण, बंद पडलेली जागा, मधले दोन दिवस, सगळं सांगून टाकलं.

सोनालीचा आवाज चढला. "म्हंजे मी आठवडाभर माझ्याच लॅपटॉपला शिव्या देत होते? नि वर कोरा पण केला?"

"हो."

"ताई, तुम्हाला जायचं नाय का?"

हा प्रश्न सुम्बुलला इतक्या सरळ कोणीच विचारला नव्हता. "जायचंय," ती म्हणाली. "खूप जायचंय. लग्न झाल्यापासून मी नवऱ्याला सुट्टीपुरताच बघितलाय. पण मी गेले आणि इथे कोणाचंच काही अडलं नाही तर? तिथे मी कोण? नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली एक बाई."

"ते तिथं गेल्यावर बघा," सोनाली म्हणाली. "उद्या पहिल्या गाडीने येते. आधी हे निस्तरू." तिचा आवाज अजून घुश्शातच होता, पण ती आली.

पहिला उपाय साधा वाटला. लायब्ररीची ती शिल्लक प्रत उचलायची आणि 'हाक'च्या कोडमध्येच ठेवून द्यायची. ठेवली. सापडत नाही ही तक्रार गेली आणि तिच्या जागी पानभर नव्या तक्रारी आल्या. ती लायब्ररी जुन्या काळची, तिला सोबतीला जुन्याच लायब्ऱ्या लागत. 'हाक'मध्ये बाकी सगळं नवं. एकाच नावाच्या दोन-दोन वस्तू, एक जुनी एक नवी, आणि बिल्ड म्हणणार यातली कोणती घेऊ? जुनी काढली की घंटा बंद पडे. ठेवली की हाक कुठून आली ते दाखवणारा नकाशा बंद पडे. बिल्डच्या प्रोग्रॅमचंच व्हर्जन वाढवलं तर तो जावा या कॉम्प्युटरच्या भाषेचं व्हर्जन नवं मागे, ते दिलं तर घंटेची लायब्ररी म्हणे मी हे ओळखत नाही. सुम्बुल खुर्चीवरून उठत होती, बसत होती. तिने सोनालीच्या हातातून दोनदा माउस ओढून घेतला.

"ताई, असं केलंत तर मी शिकणार कधी?" सोनाली म्हणाली. सुम्बुलने हात मागे घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

तेवढ्यात आतून महरुन्निसाचा आवाज आला. शेजारच्या दुकानातला ताणकाटा आणून तिने त्यावर बॅग दाराच्या कडीला टांगली होती आणि काटा विमानात चालतं त्या वजनाच्या पुढे गेला होता. "सुम्बुल, इकडे ये गो. काय काढू ते सांग. पीठ काढू का?"

सुम्बुलने बॅग उघडली. वरच तो कुकर. "अम्मी, हा कशाला? तिथे यांच्याकडे आहे."

"मुसैब म्हनला कुकरची शिट्टी गेली, ती तिकडे मिळत नाय. म्हनून घेतला."

"मग शिट्टीच द्यायची! अख्खा कुकर कशाला?"

"शिट्टी कुकरावर असते, मला काय ठाऊक ती येगळी निघते," महरुन्निसा फणकारली.

सुम्बुल हसायला लागली. किती दिवसांनी हसली होती कोण जाणे. तिने नव्या कुकरची शिट्टी उपटून मुठीत घेतली, कुकर ओट्यावर ठेवला. काटा खाली आला. आणि ती तशीच, मूठ मिटलेली, दारात उभी राहिली.

"सोनाली," ती म्हणाली, "त्या लायब्ररीतलं आपण वापरतो काय?"

सोनालीने शोधलं. लायब्ररीत गजर होते, घड्याळं होती, आठवड्याचं वेळापत्रक होतं, रंगीत पडदे होते. 'हाक' त्यातलं फक्त एक वापरत होतं. फोन मुका असताना घंटा वाजवणं.

"एवढंच?" सोनाली म्हणाली.

"एवढंच. आणि हे आता फोन स्वतःच करू देतो. नीट विचारलं तर. आपण लिहू."

"तुम्ही नका लिहू. मी लिहिते, तुम्ही चुका काढा."

ते लिहिताना सोनाली चुकत होती, आणि बघत बसणं सुम्बुलला शिक्षा होती. एकदा तर ती उठून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली, हात घालायचा मोह आवरायला. परत आली तेव्हा सोनालीने तिच्या मनात होतं त्याहून सोपं काही लिहिलं होतं. तिने वाचलं, पुन्हा वाचलं. काढायला चूक नव्हती. तिला अभिमान वाटला आणि त्याच वेळी काहीतरी टोचलंही. ते काय होतं ते तिने त्या दिवशी तपासून पाहिलं नाही.

जुनी लायब्ररी काढून टाकली. तिच्या मागे आलेल्या जुन्या सोबतिणी आपोआप गेल्या. भांडण करायला कोणी उरलं नाही.

खरी परीक्षा कापड्याला घ्यायची ठरली. इरशादच्या जीपमधून दोघी निघाल्या. भात कापून झालं होतं, खळ्यांवर झोडणी चालू होती. ठमाबाई पाय ओढत ओट्यावर आली.

"आलीस का गो पोरी. चालली म्हनं तू दूर."

"चालले मावशी."

"जा. नवऱ्याजवळ असावं मानसानं. आमचा मालक मुंबईत, मी हितं. सगळा जल्म असाच गेला."

सोनालीने ओट्यावर लॅपटॉप उघडला. लायब्ऱ्यांचा जुना साठा तिने आधीच पुसून टाकला होता, म्हणजे सगळं नव्याने बाहेरूनच येणार. सुम्बुलने सवयीने आपला लॅपटॉप बॅगेतून काढला.

"तो नाय उघडायचा ताई," सोनाली म्हणाली. "उघडलात तर तुम्ही मधे पडाल. द्या इकडे." आणि तिने तो ठमाबाईकडे दिला. ठमाबाईने तो मांडीवर घेऊन वर पदर टाकला.

बिल्ड सुरू झाला. कापड्याची रेंज कापड्याची, एकेक लायब्ररी रखडत येत होती. इरशाद अंगणात फेऱ्या मारत होता. सुम्बुल उभी होती, कारण बसली असती तर ओटा हलला असता. मग पडद्यावर हिरवी ओळ आली. सोनालीने नवं ॲप आईच्या फोनवर टाकलं, इरशादच्या नव्या फोनवर टाकलं, सुम्बुलच्याही फोनवर टाकलं. बाकीच्या जीपवाल्यांना इरशादने आधीच कळवून ठेवलं होतं, आजची हाक परीक्षेची. इरशादने फोन मुका केला, खिशात घातला आणि तो खाली रस्त्यावर जीपपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"दाबू का?" ठमाबाईने विचारलं.

"दाब आये."

सुम्बुलच्या हातातला फोन वाजला, आणि खाली रस्त्यावर अशी घंटा वाजली की झोडणी करणारे थांबून बघायला लागले. इरशादने फोन काढला, तो दोन्ही हातांत धरून वर घरांकडे बघितलं, आणि मग बराच वेळ जीपच्या बोनेटला टेकून उभा राहिला. ठमाबाई लॅपटॉपवरून हात फिरवत म्हणाली, "झालं का गो? मग हा घे तुझा."

पुढच्या आठवड्यात सोनालीने नवं 'हाक' सगळ्यांसाठी सोडलं. सुम्बुल त्या वेळी बाजारात चपला घेत होती.

निघायच्या दिवशी इरशाद मुंबईपर्यंत सोडायला आला नाही. दुसरे दोन जीपवाले लग्नाला गेले होते, त्या बाजूला तो एकटाच होता. "भाभी, माफ करा," तो म्हणाला. "माफ कसलं करायचंय," सुम्बुल म्हणाली, आणि तिला रडू आलं. महरुन्निसा नात्यातल्या एकाच्या गाडीतून विमानतळापर्यंत आली. दाराशी तिने सुनेच्या दंडावर प्रवासाच्या रक्षणासाठी इमामजामिन बांधला. "आता तिथं पाय हलवत बसू नको. त्याचीही बरकत जाईल," ती म्हणाली, आणि तिला पोटाशी धरलं.

आत तपासणीच्या रांगेत सुम्बुलची पर्स यंत्रातून दोनदा फिरवली गेली. वर्दीतल्या बाईने शिट्टी चिमटीत धरून विचारलं, "ये क्या है?"

"कुकर की सीटी," सुम्बुल म्हणाली. मागचे हसले. तीही हसली. ट्रेमधून फोन उचलला, आणि तेवढ्यात तो वाजायला लागला.

हाकेची घंटा. कापड्याची वरची वाडी. त्या चकचकीत दालनात तो आवाज असा घुमला की रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली. वर्दीतली बाई म्हणाली, "मॅडम, फोन उठाइए."

उचलायचा नव्हता. उचलला तर तिथे इरशादची घंटा थांबली असती. सुम्बुल तो फोन छातीशी धरून उभी राहिली. घंटा वाजत होती. इरशाद कुठे असेल? वाजतोय ना त्याचा? का पुन्हा मुका? सोनालीने लिहिलेलं आपण दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा का नाही वाचलं? तिचा अंगठा हिरव्या बटणावर जाऊन परत आला. "मॅडम," ती बाई पुन्हा म्हणाली, या वेळी आवाज चढवून. सुम्बुलने मान हलवली. तिचे पाय जमिनीला खिळले होते.

घंटा थांबली. पडद्यावर ओळ आली, 'इरशाद निघाला.'

तिने श्वास सोडला. ती जवळच्या खुर्चीवर बसली आणि रडली, अगदी उघड, चारचौघांत. तिला सुटल्यासारखं वाटत होतं आणि कोणीतरी हातातलं काढून घेतल्यासारखंही. दोन्ही एकदम.

थोड्या वेळाने सोनालीचा मेसेज आला. 'वरच्या वाडीतली उज्वला. दिवस भरलेत. इरशादभाई पोचले, गाडीत घेतलंय.' आणि खाली दुसरा. 'ताई, तुमचा नंबर यादीत अजून आहे, आत्ता बघितलं. चुकून तिकडून उचललंत तर इथे पंचाईत. काढून टाकू ना?'

सुम्बुलने 'हो' लिहिलं. ते पुसलं. समोर विमानांची नावं पुकारत होते, तिच्या विमानाचंही नाव आलं. तिने पर्स खांद्याला लावली आणि चालता चालता लिहिलं, 'नंबर राहू दे. मला ऐकू येऊ दे. फक्त माझ्या फोनवरचं उचलायचं बटण काढून टाक.'

सोनालीचं उत्तर लगेच आलं. 'करते. पुढच्या अपडेटमध्ये येईल.'